वही उघडायच्या आधीच मुलगा "दमलो" म्हणतो, त्याबद्दल

ताई, तुमचा नववीतला मुलगा क्रिकेटच्या आकडेवारीत तास तास डोकं घालून बसतो, पण बीजगणिताची वही काढ म्हटलं की "दमलोय" म्हणतो. हे ढोंग आहे की खरा थकवा, आणि ग्लुकोज किंवा बदाम दिले तर फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं नववी-दहावीला गणित शिकवते आणि या विषयावरचं संशोधन नेमाने वाचते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ग्लुकोजचा विचार सोडून द्या. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, तरी आपण स्वस्थ बसलेले असतानाही सुमारे 20 टक्के ऊर्जा तोच वापरतो. अवघड गणित हाती घेतल्यावर हा खर्च अगदी किरकोळ वाढतो. मनाची ताकद वापरली की संपत जाते, ही कल्पना 1998 नंतर खूप गाजली होती. 2016 मध्ये वीसहून अधिक प्रयोगशाळांनी मिळून ती कल्पना तपासणारा एक प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम जवळजवळ दिसलाच नाही.

पण मुलगा ढोंगही करत नाहीये. 2010 साली वाउटर कूल, मॅथ्यू बॉटविनिक या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर पत्त्यांच्या दोन गड्ड्या असत. पत्त्यावरचा अंक एका रंगात असेल तर तो 5 पेक्षा लहान की मोठा ते सांगायचं, दुसऱ्या रंगात असेल तर सम की विषम ते. एका गड्डीत रंग सारखा बदलायचा, दुसरीत क्वचित. पत्ता कुठल्याही गड्डीतून उचलण्याची मुभा होती. हळूहळू बहुतेक लोक सोप्या गड्डीकडे वळले, आणि आपण असं करतोय हे त्यातल्या काहींच्या लक्षातही आलं नव्हतं.

यातला "हळूहळू" महत्त्वाचा आहे. कुठली गड्डी जड आहे हे कुणी सांगितलं नव्हतं, मेंदू ते अनुभवातून शिकला. या कामाला किती कष्ट पडतील याचा तो आधी अंदाज बांधतो, प्रत्यक्षात किती पडले ते पाहतो, आणि दोन्हींतल्या फरकाइतका पुढचा अंदाज सुधारतो. बक्षिसाचा अंदाज मेंदू असाच शिकतो हे आधीपासून माहीत होतं. कष्टांच्या बाबतीतही असाच फरक मेंदूच्या पुढच्या, मधल्या भागात नोंदला जातो, असं जपानमधल्या एका गटाला 2018 मध्ये दिसलं.

म्हणजे वही उघडायच्या आधी तुमच्या मुलाच्या जिवावर येतं, तो त्याच्या मेंदूचा अंदाज असतो. तो खोटा नाही, पण जुन्या अनुभवावर बांधलेला आहे. आणि माझ्या मते खरी मेख इथे आहे: मुलाने वही मिटली की अंदाज तपासायची संधीच जाते. अर्धवट सोडलेलं गणित तर आणखी वाईट, कारण कष्ट नोंदले जातात आणि हाती काहीच लागत नाही.

म्हणून मी मुलांना शेवटापासून शिकवते. उदाहरणार्थ, दोन अंकी संख्येतल्या अंकांची बेरीज 9 आहे, अंकांची अदलाबदल केली तर संख्या 27 ने वाढते, तर ती संख्या कोणती? मुलं अडतात ती दशकस्थानचा अंक दहाने गुणून संख्या मांडताना. तिथे पाच मिनिटं गेली की पेन खाली. तर पहिल्या दिवशी दोन्ही समीकरणं मीच मांडून देते, मुलाने फक्त सोडवून 36 काढायचे आणि 63 वजा 36 बरोबर 27 येतात का ते पडताळायचं. पुढच्या उदाहरणात एकच समीकरण देते, त्यानंतर नुसता प्रश्न. कष्ट वाढत जातात, पण प्रत्येक वेळी मूल शेवटपर्यंत पोचतं.

शाबासकी कशाला देता तेही बघा. व्हिएन्ना आणि ड्रेस्डेनच्या संशोधकांनी 2022 मध्ये दाखवलं की किती बरोबर आलं यापेक्षा किती मेहनत घेतली यावर बक्षीस दिलं, तर लोक नंतर बक्षीस नसतानाही जास्त अवघड गणितं निवडतात. "किती मार्क पडले?" ऐवजी "आज सगळ्यात अवघड कुठलं घेतलंस?" असं विचारून बघा. गणित त्याला लगेच आवडायला लागेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. 29 देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2024 मध्ये आला. डोक्याला जितका ताण जास्त तितकं लोकांना नकोसं वाटतं, हे त्यात जवळपास सगळीकडे दिसलं.

खरा थकवा असतोच. पॅरिसच्या एका गटाने 2022 मध्ये लोकांकडून दिवसभर, सहा तासांहून जास्त, डोक्याचं काम करून घेतलं. अवघड काम करणाऱ्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट (मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते रसायन) साचलेलं आढळलं, आणि संध्याकाळपर्यंत ते बिनकष्टाच्या, झटपट फायद्याच्या पर्यायांकडे जास्त झुकू लागले. शाळा आणि क्लास उरकून रात्री साडेनऊला बीजगणित काढायला लावत असाल, तर ते बंद करा. सुट्टीच्या दिवशी सकाळी दोनच गणितं द्या.

महिना-दीड महिना असं करूनही तो अंक उलटसुलट लिहीत असेल, फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या, आणि डोळे ठीक असतील तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. तसं काही निघालं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, म्हणून दहावीच्या वर्षापर्यंत थांबू नका.