एचेव्हेरियाला पाणी कमीच घाला

ताई, तुमच्या एचेव्हेरियाची, म्हणजे जाड पानं फुलासारखी रचलेल्या त्या शोभेच्या झाडाची, खालची पानं पिवळी, काचेसारखी झालीत आणि बोट लावताच गळतायत ना? पाणी जास्त झालंय. तहानलेलं पान सुरकुततं, असं पारदर्शक होत नाही.

ही मूळची मेक्सिकोच्या डोंगरांतली. नाशिकची थंडी तिला मानवते, डिसेंबरात पानांच्या कडा लालसर होतात. घात करतो तो आपला पावसाळा. माझ्या पहिल्या चारही कुंड्या जुलैत गेल्या. शेतातली काळी माती भरली होती. द्राक्षाला चालते, मग हिला का नाही, असा माझा हिशोब! आता निम्मी जाड रेती आणि विटांचा चुरा, उरलेल्यात कोकोपीट आणि थोडं शेणखत. जून ते सप्टेंबर कुंडी पत्र्याखाली, पण उजेडात. उजेड कमी पडला की पानांचं फूल उलगडून दांडा लांबतो आणि तो परत आखूड होत नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारचं ऊन टाळा.

पाणी मातीत घाला, फुलाच्या मध्यात नको. पानांवरची पांढरी पावडर पुसू नका, पुसली की त्या पानावर पुन्हा येत नाही. पण बेचक्यात कापसासारखं दिसलं तर तो मिलीबग (पिठ्या ढेकूण) कीडा, द्राक्षवाल्यांचा जुना वैरी. स्पिरिटात बुडवलेल्या कानकाडीने टिपून काढा.

गळलेल्यांपैकी एखादं पान देठापासून अख्खं आणि टणक असेल तर सुक्या मातीवर नुसतं ठेवा. दोन-तीन आठवड्यांत गुलाबी मुळं दिसतील, तोवर पाणी नको.