बाळाच्या गालावरचा जन्मजात लाल डाग लेझरने पूर्ण जातो का?
पूर्ण जाईलच असं नाही, पण बराच फिका होतो. सपाट, गडद गुलाबी डाग म्हणजे बहुधा पोर्ट-वाइन स्टेन; तो आपणहून जात नाही. त्यावर पल्स्ड डाय लेझर वापरतात. ५९५ नॅनोमीटरचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं आणि त्या उष्णतेने फुगलेल्या केशवाहिन्या बंद पडतात. एका बैठकीत भागत नाही, बऱ्याच लागतात. नंतर आठ-दहा दिवस तिथे जांभळे गोल ठिपके दिसतात. बघून पोटात गोळा येतो, पण ते अपेक्षितच असतं. खपली खरवडू नका, ऊन टाळा.

डाग कपाळावर किंवा पापणीवर असेल तर मात्र डोळ्याचा दाब आधी तपासून घ्या. आणि उंचवटा असलेला, भराभर वाढणारा लाल गोळा असेल तर तो हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) असू शकतो. त्याला गरज पडल्यास प्रोप्रॅनोलॉल हे औषध देतात.