हिमालयन की इंटरसेप्टर? आधी पॉलिसीचं पहिलं पान वाचा

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ३८, स्वतःचं कृषी केंद्र, आठ एकर सोयाबीन-कापूस, घरी पत्नी आणि दोन मुलं. दुकानातून महिन्याला पस्तीसेक हजार सुटतात, दीड लाखाची एफडी आहे. रॉयल एनफिल्डच्या दोन मोटारसायकलींबद्दल ते विचारतात: “दसऱ्याला हिमालयन ४५० घेऊ की इंटरसेप्टर ६५०? लांबच्या पल्ल्याला आराम पाहिजे अन् चालवायची मजाही पाहिजे. पैशाची सोय आहे. केसीसीचे (किसान क्रेडिट कार्डावरच्या पीक कर्जाचे) दोन लाख बिनव्याजी पडून आहेत, वरचे दोन लाख कर्ज काढतो. दोन वर्षांनी बँकेतली पॉलिसी डबल होऊन दहा लाख येतील, तेव्हा सगळं फेडून टाकीन.” सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो.

भाऊ, गाडीचं मागून बोलू. फोटो पाठवलात, पण ते पान वाचलं नाहीत. हप्ता वर्षाला १ लाख. हप्ते भरायची मुदत १० वर्षं. पॉलिसीची मुदत २० वर्षं. मुदतपूर्तीला २० लाख, मृत्यू झाल्यास १० लाख. पाच हा आकडा त्या पानावर कुठेच नाही. केसीसीचं नवं-जुनं, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायला, गेलात तेव्हा “साहेबानं सांगतलं, पाच वर्सात डबल” एवढ्यावर तुम्ही सही केलीत. आतापर्यंत तीन हप्ते भरलेत. दोन वर्षांनी दहा लाख येणार नाहीत, उलट त्यानंतरही पाच हप्ते उरलेले असतील.

पैसे दुप्पट होतात हे खरं, पण कधी? दहा हप्ते सरासरी साडेपंधरा वर्षं तिथं राहतात. पैसे दुप्पट व्हायला लागलेल्या वर्षांनी ७२ ला भागलं की व्याजाचा दर अंदाजे कळतो. ७२ भागिले साडेपंधरा, म्हणजे वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास. हाच लाख दहा वर्षं पीपीएफमध्ये (सरकारी भविष्य निधीत) टाकून विसाव्या वर्षापर्यंत ठेवला, तर आजच्या ७.१ टक्क्यांनी २९ लाखांच्या वर जातो. पीक कर्जाच्या टेबलावर असली पॉलिसी गळ्यात मारणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. कर्जासाठी विमा घ्यायची सक्ती करता येत नाही. झाली असेल तर आधी बँकेकडे आणि कंपनीकडे लेखी तक्रार करा, दाद मिळाली नाही तर विमा लोकपाल. तोंडी आश्वासनाचा पुरावा नसल्यानं फार आशा मात्र धरू नका.

मग मोडून टाकू? थांबा. तीन हप्त्यांनंतर हमीचं सरेंडर मूल्य ३५ टक्के, म्हणजे भरलेल्या तीन लाखांचे एक लाख पाच हजार; कंपनी थोडे जास्त देईलही. ते पीपीएफमध्ये टाकले तर सतरा वर्षांनी साडेतीन लाखही होत नाहीत. त्याऐवजी पुढचे हप्ते बंद करून पॉलिसी पेड-अप केली, तर दहातले तीन हप्ते भरल्याच्या हिशोबानं वीस लाखांतले सहा लाखांच्या आसपास शेवटी मिळावेत. नेमका आकडा कंपनीकडून लेखी घ्या. तो सहाच्या जवळ आला तर पेड-अप करा आणि विसरून जा. नोव्हेंबरचा चौथा हप्ता भरू नका.

आता केसीसी. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. ‘वेळेत’ म्हणजे साधारण ३१ मार्च. ते दोन लाख पडून का आहेत, हेही तुमच्याच पत्रात आहे: बियाणं-खत दुकानातूनच वावरात गेलं. पण तो माल डिस्ट्रिब्युटरचा, त्याचं बिल बाकी आहे. म्हणजे हा पैसा मोकळा नाहीच. तो गाडीत घातलात तर मार्चमध्ये महिना शेकडा दोन रुपये व्याजानं कुणाकडून तरी घेऊन नवं-जुनं करावं लागेल. एकदा मार्च चुकला की सवलत गेली, आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग. “यंदा सोयाबीन सहा हजारावर जाईल” असंही तुम्ही लिहिलंय. २०२५-२६ चा हमीभावच ५,३२८, अन् त्याच्याही खाली माल गेलेला तुम्ही दुकानात बसून पाहिलाय. सहाचा भाव धरून हिशोब मांडू नका.

आणि घरात कमावते तुम्ही एकटे. विमा फक्त दहा लाखांचा, पेड-अप केल्यावर तोही घटेल. म्हणून आधी पन्नास लाखांचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा) घ्या, वर्षाला दहाएक हजार. कुटुंबाचा आरोग्य विमा वीसेक हजार. दोन्हींवर आता जीएसटी नाही. टर्म पॉलिसी हातात पडल्यावरच कंपनीला पेड-अपचं कळवा. वाचलेल्या लाखातून सत्तर हजार उरतात.

आता गाडी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४०. तुमच्या दोन्ही गाड्या ४० वाल्या, ऑनरोड चार लाखांच्या आसपास. इंटरसेप्टर सरळ, चांगल्या रस्त्यावर झकास. पण दोनशे किलोंच्या वरची ती गाडी मागे बायको बसवून खड्ड्यांतून काढणं हा आराम नव्हे. हिमालयनचं सस्पेन्शन उत्तम, मात्र तिची खरी ताकद ज्या रस्त्यांवर लागते तिथं तुम्ही वर्षातून एकदा जाणार. समृद्धीवरून मुंबई गाठायचं म्हणता, तर तिथं दुचाकीला प्रवेशच नाही. तुमचं बाकी फिरणं यवतमाळ, चिखलदरा, परतवाड्याहून सेमाडोह-हरिसाल. तिथं ऐंशी-नव्वदच्या वर जायचं कुठं?

३४९ सीसीची मीटिओर बसायला सोफ्यासारखी, सीट ठेंगणी, पण वीस हॉर्सपॉवर आणि १९१ किलो, घाटात आळसावते. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स २५० सीसीची, १६७ किलो, साडेसव्वीस हॉर्सपॉवर, बैठक ताठ. सीट उंच आहे, पण तुम्ही पाच फूट नऊ इंच आहात. मी हीच घेईन. दोन्ही ऑनरोड अडीच लाखांच्या आत बसाव्यात. सर्व्हिस सेंटर यवतमाळला आहे की अमरावती गाठावी लागेल, ते आधी विचारा.

हप्त्यातून वाचलेले सत्तर हजार, एफडीतले पन्नास, उरलेल्या सव्वा लाखाचं दोन वर्षांचं कर्ज: हप्ता पावणेसहा हजारांच्या घरात, दुकानातून निघतो. हेल्मेट-जॅकेटचे पंधरा हजार वेगळे धरा. दसरा सोडा, गुढीपाडव्याला घ्या. तोवर डिस्ट्रिब्युटरचं बिल आणि मार्चची केसीसी दोन्ही निस्तरलेली असतील. टेस्ट राइडला वहिनींना मागे बसवून न्या, आणि शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नको, तुमच्या गावच्या फाट्यापर्यंत.