वाचकांचे प्रश्न : वारा पडला आणि पर्ल अडकली

प्रश्न : १८४८ साली अमेरिकेत ७७ गुलामांना शिडाच्या जहाजातून पळवून नेणाऱ्या डॅनियल ड्रेटनबद्दल वाचलं. शनिवारी रात्री निघालेलं जहाज सोमवारी पहाटे सापडलं कसं? आणि हा माणूस पैशासाठी गेला की मनापासून?
– एक वाचक, देवगड

उत्तर : देवगडच्या माणसाला वाऱ्याचं गणित वेगळं सांगायला नको. १५ एप्रिलच्या रात्री वॉशिंग्टनहून ‘पर्ल’ सुटली ती वारा पडलेला असताना. त्यात पाणीही उलटं, म्हणून थोड्याच अंतरावर नांगर टाकावा लागला. ५४ टनांच्या गलबतावर खलाशी मोजून तीन. वल्ह्यांचा विचारच सोडा. उजाडता उत्तरेचा वारा उठला आणि पोटोमॅक नदीतून सुमारे शंभर मैल उतरून संध्याकाळी ते मुखाशी पोचले.

घात झाला तो इथे. पुढे चेसापीकच्या आखातात वळून, आखाताच्या वरच्या टोकाच्या फ्रेंचटाउनपर्यंत उत्तरेकडेच जायचं होतं. म्हणजे नदीत पाठीशी असलेला वारा आता तोंडावर! माघ-फाल्गुनात देवगडहून मुंबईकडे शीड हाकणाऱ्याची वायव्येच्या वाऱ्याने होते, तीच गत. बाहेर समुद्रात काढून लांबचा फेरा घ्यावा, तर ‘पर्ल’चा तांडेल एडवर्ड सेअर्स तयार होईना. नदीच्या मुखाशीच, कॉर्नफील्ड हार्बरला नांगर पडला. पाठलागावर आलेल्या ‘सेलम’ला वाऱ्याची पर्वा नव्हती, ती आगबोट होती, आणि जॉर्जटाउनच्या ज्या डॉज घराण्याची ती, त्यांचेच गुलाम ‘पर्ल’वर होते.

आता पैशाचं. सेअर्स भाड्याने आला होता, शंभर डॉलरवर. ड्रेटनचं उत्तर इतकं सोपं नाही. जन्म १८०२चा, न्यू जर्सीचा. धंदा किनाऱ्याच्या मालवाहतुकीचा. धक्क्याधक्क्यावर काळी माणसं ‘आम्हांला उत्तरेकडे न्या’ म्हणून विनवायची आणि तो वर्षानुवर्षं नकार द्यायचा. पुढे धर्मविचाराने मन पालटलं. १८४७ मध्ये एका बाईला मुलांसकट फ्रेंचटाउनला पोचवल्यावर दुसरी खेप आपोआप गळ्यात पडली. मोबदला तो घेई आणि ते लपवतही नसे. आमच्या मते, त्याने घेतलेला धोका त्या मोबदल्यात मावणारा नव्हता.

मात्र बेत त्याचा नव्हे. तो आखला वॉशिंग्टनच्या काळ्या लोकांनी. त्यांतला डॅनियल बेल नेव्ही यार्डात, म्हणजे नौदलाच्या गोदीत, कामाला होता आणि आपली बायकापोरं विकली जातील या धास्तीत होता. ही बाजू हटकून राहून जाते.

प्रश्न : मग त्या ७७ जणांचं काय झालं?

उत्तर : ड्रेटनच्या मोजणीत ३८ पुरुष व मुलगे, २६ बायका व मुली आणि १३ लहान पोरं. बहुतेक दलालांच्या हाती गेली, पुष्कळांना दक्षिणेत विकायला काढलं. मेरी आणि एमिली एडमन्सन या बहिणी त्याच वर्षी २,२५० डॉलर भरून सुटल्या. ड्रेटनला झालेला दंड दहा हजार डॉलरच्या वर. तो भरता येईना म्हणून चार वर्षं तुरुंगात. १८५२च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी माफी दिली तेव्हा तो आणि सेअर्स बाहेर आले.