पुस्तकं पाळली, तरी हिशेब जुळेना

“पैशांच्या नियोजनावरची सात पुस्तकं वाचली. नुसती वाचली नाहीत, पाळतोय. तरी कर्ज जागचं हलत नाही. आता वाटायला लागलंय की खोट माझ्यातच आहे.”

चाळिशीच्या अलीकडचे एक गृहस्थ आमच्याकडे पैशांच्या नियोजनाचा सल्ला घ्यायला आले, तेव्हा पहिल्याच बैठकीत हे बोलले. सोबत पत्नी होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “हे रोज पावत्या मागतात. घरात पैशाचा विषय निघाला की मला धडकीच भरते.” ओळख पटू नये म्हणून इथे तपशील बदलले आहेत आणि रकमांऐवजी कुटुंबाचं हाती येणारं सरासरी मासिक उत्पन्न १०० भाग धरलं आहे.

त्यांनी दोन नियम घट्ट धरले होते. पहिला, आधी बचत मग खर्च. त्यानुसार दरमहा १० भाग शेअर बाजाराशी निगडित फंडात जात. दुसरा ५०-३०-२० चा: निम्मं उत्पन्न गरजांवर, ३० टक्के हौसेमौजेवर, २० टक्के बचत आणि कर्जफेडीवर. हा दुसरा नियम तेव्हा कायद्याच्या प्राध्यापक असलेल्या एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी यांनी २००५ साली अमेरिकी कुटुंबांपुढे मांडला. तो कर वजा जाता हाती येणाऱ्या रकमेवर लावायचा असतो. पुष्कळ जण तो एकूण पगारावर लावतात आणि पहिल्याच पायरीला चुकतात. या गृहस्थांनी ती चूक केली नव्हती. त्यांच्या गरजा ५० ऐवजी ६८ भागांवर जात होत्या आणि वरचे १८ भाग म्हणजे उधळपट्टीच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पावत्यांची मागणी तिथून सुरू झाली.

अशा वेळी आधी बारा महिन्यांची बँकेची आणि कार्डाची विवरणपत्रं समोर घ्यावी लागतात. तीन महिन्यांची पुरत नाहीत, कारण वर्षातून एकदा येणारे खर्च त्यांत सापडत नाहीत. इथे तेच निघालं. ६८ भागांत घरभाडं, शिक्षण, वडीलधाऱ्यांची औषधं, प्रवास. त्यातलं लगेच कापण्यासारखं काहीच नव्हतं. शिवाय विम्याचा हप्ता, वार्षिक फी, वाहनाची दुरुस्ती असे खर्च मिळून वर्षाला ८४ भाग, म्हणजे महिन्याला ७, कुठल्याच रकान्यात नव्हते. ते आले की कार्ड पुढे केलं जाई. कार्डावरची ६० भागांची थकबाकी अशी साचली होती. ती चैनीची नव्हती, हे ऐकल्यावर पत्नींच्या डोळ्यांत पाणी आलं. घरातल्या एका माणसाने पुस्तक वाचायचं आणि दुसऱ्याची तपासणी करायची, यातून होणारं नुकसान कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. प्रत्येकाला महिन्याला एक छोटी रक्कम द्यावी, तिचा हिशेब कुणी कुणाला विचारू नये. हे पहिल्याच दिवशी ठरलं.

आता मुख्य गाठ. कार्डावर महिना ३ टक्के व्याज होतं आणि ते फक्त किमान रक्कम भरत होते, थकबाकीच्या ५ टक्के. पहिल्या महिन्यात ३ भाग भरले तर त्यातले १.८ व्याजात जातात, मुद्दल १.२ नेच उतरतं. नवी खरेदी न करता असं वर्षभर चालवलं तर सुमारे ३२ भाग भरूनही ४७ शिल्लक राहतात, कारण १९ भाग व्याजच असतं. त्याच वर्षात फंडात दरमहा १० भाग घातले आणि वर्षाला १२ टक्के परतावा मिळाला असं मानलं, तरी फायदा ७ भागांच्या आतच. बाजार पडला तर तोही नाही. फंडाचा वाढता आकडा रोज फोनवर दिसतो, व्याजाचा आकडा महिन्यातून एकदा बारीक अक्षरात येतो. हुशार माणसंही इथेच फसतात. पुस्तकातला नियम खोटा नव्हता, पण तो महागडं कर्ज नसलेल्या माणसासाठी होता.

म्हणून फंडाचे हप्ते थांबवले आणि १० अधिक ३ असे १३ भाग कर्जफेडीकडे वळवले. फंडात तोवर जमलेले सुमारे ४० भागही कार्डावर टाकणं गणिताने बरोबर ठरलं असतं. पण घरात दुसरी काहीच शिल्लक नव्हती, म्हणून ते साध्या बचत खात्यात आणून अडीअडचणीसाठी ठेवले. नाहीतर पहिल्याच आजारपणात कार्ड पुन्हा बाहेर येतं. कार्डाने खरेदी पूर्ण बंद केली, कारण मागची बाकी असताना बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदत मिळत नाही आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

एक प्रश्न उरला. नातेवाइकाकडून घेतलेले ६ भाग बिनव्याजी होते, पण पत्नींना ते सलत होते. आधी काय फेडायचं? सर्वांत जास्त व्याजाचं, असं अर्थशास्त्र सांगतं. सर्वांत लहान कर्ज आधी, म्हणजे हुरूप येतो, असं अनेक लोकप्रिय लेखक सांगतात. जेम्स चोई या अर्थतज्ज्ञाने २०२२ साली ५० लोकप्रिय पुस्तकांतला सल्ला अर्थशास्त्राच्या सूत्रांशी ताडून पाहिला, त्यातही हा फरक आहे. लेखक माणसाच्या मनाचा कमकुवतपणा हिशेबात धरतात, सूत्रं तो धरत नाहीत. इथे नातेवाइकाचं आधी फेडल्याने जास्तीचं व्याज एका भागाहूनही कमी पडणार होतं. तेवढ्यात मनावरचं ओझं उतरत असेल तर ते जरूर द्यावं. रक्कम मोठी असती तर आमचा सल्ला उलटा असता.

गृहस्थांच्या वहीत आणखी एक आकडा ठळक होता: निवृत्तीसाठी वार्षिक खर्चाच्या २५ पट. त्या आकड्याने त्यांची झोप उडवली होती. तो अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांच्या १९९४ च्या लेखातून निघालेल्या ४ टक्क्यांच्या नियमाचा व्यस्त आहे: निवृत्तीच्या पहिल्या वर्षी जमा रकमेतले ४ टक्के काढायचे, पुढे दरवर्षी ती रक्कम महागाईइतकी वाढवायची. अमेरिकेतले शेअर्स आणि सरकारी रोखे यांची १९२६ पासूनची आकडेवारी घेऊन, निवृत्तीनंतर साधारण ३० वर्षं पैसा पुरावा या बेताने तो काढलेला आहे. देश वेगळा, महागाई वेगळी, कालावधी ४५ वर्षांचा असेल तर तो तसाच उचलता येत नाही. दिशा म्हणून ठेवा, हुकूम म्हणून नको.

पुस्तकं टाकून द्या असं आम्ही सांगत नाही. चक्रवाढ समजते ती बहुतेकांना पुस्तकातूनच. ७२ ला वार्षिक दराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात: ८ टक्क्यांनी ९ वर्षं. तेच गणित कर्जाला लावा. महिना ३ टक्के म्हणजे काहीच न भरता सुमारे २४ महिन्यांत दुप्पट. फक्त पुस्तक हातात घेतलं की पहिल्या कोऱ्या पानावर चार गोष्टी लिहाव्यात: कोणत्या वर्षी लिहिलं, कोणत्या देशासाठी, परतावा किती धरलाय, वाचकाचं उत्पन्न कसं मानलंय. करांबद्दलची प्रकरणं सर्वांत लवकर शिळी होतात. आणि आपला सल्ला कुणाला लागू नाही हे जे पुस्तक कुठेच सांगत नाही, त्यावर जपून विश्वास ठेवावा.

चौथी नोंद या घरात कळीची होती. पत्नींचं उत्पन्न अनियमित, पुस्तकं मात्र ठरावीक पगार गृहीत धरणारी. वर्षातल्या सर्वांत कमी तीन महिन्यांची सरासरी काढून महिन्याचा बेत आधी तेवढ्यात बसतो का ते पाहिलं. चांगल्या महिन्यातलं वरचं उत्पन्न वेगळ्या खात्यात ठेवून वाईट महिन्याची तूट तिथून भरायची.

नवा हिशेब ७५-१३-१२ असा बसला: गरजा आणि वार्षिक खर्चांची तजवीज ७५, कर्जफेड १३, बाकी सगळं १२. हौसेचे भाग १९ वरून १२ वर आले, ते दोघांनी मिळून ठरवलं. सहाव्या महिन्यात कार्ड फिटलं आणि त्या हप्त्यातले साडेपाच भाग उरले. ते वार्षिक खर्चांच्या खात्यात गेले. सातव्या महिन्यापासून फंडाचे १० भाग पुन्हा सुरू झाले.