कोकणची गाडी येत नाही तेव्हा

प्रश्न : काकू, जुलैत आम्ही सगळे कुडाळला निघालो होतो. पहाटेच ठाणे स्टेशन गाठलं. पुढे रुळावर दरड आली म्हणून गाडी आधी दोन तास उशिरा, मग चार तास आणि शेवटी रद्द. हे दर दोन मिनिटांनी मोबाइल बघत होते, मी मुलांवर ओरडले, धाकटा रडला. सासूबाई तेवढ्या बॅगेवर बसून मुलांना भाकरी आणि लसणीची चटणी भरवत होत्या. घरी परतल्यावर दिवसभर कोणी कोणाशी धड बोललं नाही. ऑक्टोबरअखेर पुन्हा जायचं म्हणतोय. असं काही झालं की माझा तोलच जातो. हा स्वभाव बदलता येतो का?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : स्वभावाचं राहू दे, तुमची रीत नक्की बदलता येईल. माझी नोकरी रेल्वेच्या चौकशी खिडकीवर झाली. ‘गाडी रद्द’ म्हटलं की माणसं जरा वेळ बोलायची आणि रिक्षा बघायला लागायची. ‘अजून सांगता येत नाही’ म्हटलं की मात्र पेटायची. उशीर माणूस सोसतो, अधांतरी लटकणं सोसत नाही. म्हणून पुढच्या वेळी थांबण्याची मर्यादा घरूनच ठरवून निघा.

मर्यादा कुठली, ते रेल्वेच्या नियमातच आहे. तुमच्या स्टेशनवर गाडी ३ तासांपेक्षा जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्ही गेला नाहीत, तर पूर्ण पैसे परत मिळतात. ऑनलाइन तिकीट असेल तर गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा ऑनलाइन अर्ज, भरायचा. त्यानंतर भरून उपयोग नाही. गाडीच रद्द झाली तर ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप येतात, खिडकीवर काढलेलं तिकीट खिडकीवरच परत करावं लागतं. तेव्हा तीन तासांचा अंदाज आला की नवरा-बायकोने एकदाच बोलायचं : थांबायचं की परतायचं. गावी फोन करून सांगायचं, ‘जेवणाला आमची वाट बघू नका.’ मोबाइल एकाकडेच, तोही अर्ध्या तासाने बघायचा. बाकीच्यांचे पिशवीत. सगळ्यांनी तीच वेळ पुन्हा पुन्हा बघितल्याने घरभर धुसफूस पसरते, गाडी काही लवकर येत नाही.

आणि गाडी का थांबवली, हे मुलांना नीट सांगा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीच्या दगडांवर गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या हळू चालवतात आणि भर पावसात माणसं रुळांवरून पायी गस्त घालतात. आपण फलाटावर कुरकुरतो, त्या वेळी कुणीतरी हातात विजेरी घेऊन डोंगराच्या कापाकडे बघत चाललेला असतो. हे कळलं की पोरं ‘कधी येणार, कधी येणार’ थांबवून ‘तो माणूस रात्री एकटाच चालतो का?’ असं विचारतात. मग गप्पा सुरू होतात.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात आवडल्या त्या सासूबाई. ज्या पिढीने कोकण रेल्वे नव्हती तेव्हाचं कोकण पाहिलंय, तिला वाट बघणं शिकवावं लागत नाही. संपूर्ण मार्ग सुरू झाला १९९८ साली. त्याआधी एसटीने कशेडी घाट ओलांडायचा, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून बोट धरायची. बोट बंदराबाहेर उभी राहायची, तिथून पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरायचं, कडेवर पोर आणि डोक्यावर ट्रंक. पावसाळ्यात तर बोटी बंदच. सासूबाई कशाने जायच्या, उलटी कोणाला व्हायची, सोबत काय बांधून न्यायच्या, हे तुम्ही कधी विचारलंय? घरी ही गोष्ट निघत नाही, टीव्ही चालू असतो. फलाटावर चार तास मिळाले होते.

परतायचं ठरलं तरी वर्तकनगरची रिक्षा लगेच धरू नका. सामान एका ओळखीच्या घरी टाका आणि तलावपाळीला चालत जा. पावसात मासुंदा तलाव काठोकाठ असतो, कौपिनेश्वराचं देऊळ समोरच. मिसळ खा, धाकट्याला कणीस घेऊन द्या. जाता जाता त्याला सांगा की १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली होती, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जोडून. सुट्टी घेतलेलीच आहे, ती कुडाळला घालवा नाहीतर इथे. फक्त येऊरच्या ओढ्यात पावसाळ्यात उतरू नका, पाणी अचानक वाढतं.

आता ऑक्टोबरचं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा ऑगस्टअखेर तारीख पक्की करा. परतीच्या दुसऱ्याच दिवशी हापिस किंवा शाळेची परीक्षा ठेवू नका, मध्ये एक दिवस मोकळा सोडा. तुमचा तोल जातो त्यातला निम्मा भाग मला या घट्ट आखणीचा वाटतो. भाकरी-चटणीचा डबा मात्र सासूबाईंनाच बांधू दे, आणि या खेपेस त्यांच्याशेजारी बसून तुम्हीही खा.