आधी त्याच्या दिवसाचा विचार कर

चि. सौ. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पीएच.डी.साठी इंग्लंड आणि अमेरिका, दोन्हीकडून बोलावणं आलं हे वाचून फार आनंद झाला. कुठलं विद्यापीठ निवडू, असं तू विचारलंस. पत्रात लेकीच्या पाळणाघराबद्दलही आहे. पण अंबडच्या कारखान्यातली नोकरी सोडून तुझ्यासोबत येणारा तुझा नवरा तिथे दिवसभर काय करणार, याबद्दल एक अक्षर नाही. मी निवड तिथूनच सुरू करेन.

अमेरिकेत तू एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलीस तर त्याला जोडीदाराचा एफ-२ मिळेल, आणि एफ-२ वर नोकरी करता येत नाही. तिकडची पीएच.डी. सहज पाच-सहा वर्षं चालते. माझ्या पत्नीने अशी वर्षं काढली आहेत. नाशकात तिचे विद्यार्थी रस्त्यात थांबून नमस्कार करायचे. तिथे ती कुणाची तरी बायको एवढीच उरली. पैशांची ओढाताण आम्ही निभावली, हे निभावणं फार जड गेलं. विद्यापीठ जे-१, म्हणजे शैक्षणिक आदानप्रदानाचा व्हिसा, देत असेल तर जोडीदाराला कामाचा परवाना मागता येतो. मात्र शिष्यवृत्तीत सरकारी पैसा असला की नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू शकते. ते आधीच लेखी विचार.

इंग्लंडने जानेवारी २०२४ पासून बहुतेक मास्टर्सवाल्यांना कुटुंब आणायला बंदी केली, पण पीएच.डी.ला मुभा आहे आणि जोडीदाराला नोकरी करता येते. म्हणून माझा कल तिकडे आहे. खर्च मात्र वहीत मांड. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार विद्यार्थ्याला आणि त्याच्या कुटुंबाला वर्षाला माणशी ७७६ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा अर्जासोबत एकदम. तिघांचा चार वर्षांचा धरला तरी ९,३१२ पौंड होतात. तुझी शिष्यवृत्ती बहुधा फक्त तुझाच भरेल.

लेक तीन वर्षांची झाली की पुढच्या सत्रापासून इंग्लंडमध्ये शाळेच्या आठवड्यांत १५ तास नर्सरी मोफत असते. तोवरचं पाळणाघर फार महाग. विद्यार्थी वसतिगृहांत कुटुंबाच्या खोल्या मोजक्याच, तेव्हा तू पुढे जाऊन घर बघ, मग दोघांना बोलाव. आजी-आजोबा पंचवटीत आहेत, तेवढे दिवस निघतील.

व्हिसासाठी लग्नपत्रिका आणि फोटोंवर भागत नाही. महापालिकेत विवाह नोंदणी झाली नसेल तर याच आठवड्यात करा. लेकीच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव चढलंय का, तेही बघ. बऱ्याच दाखल्यांवर ती जागा कोरीच राहते.

रविवारी दोघंही या, तू एकटी येऊ नकोस. दोन्ही पत्रं आण. शिष्यवृत्तीच्या अटी आपण त्याच्यासमोर वाचू, आणि त्याला काय हवंय ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय.

तुझे सर
कॉलेज रोड, नाशिक